सोचिमिल्कोच्या नावेत जेवण आणि मारियाची : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेक्सिको सिटीत राहायला आल्यापासून भारतातून किंवा अमेरिकेतून जे कोणी घरी येतात, त्यांना मी एकदा तरी सोचिमिल्कोला नेते. शहराच्या दक्षिणेला जुन्या तळ्याचे कालवे अजून शिल्लक आहेत. त्यात रंगीत, सपाट तळाच्या नावा चालतात. नावेत मधोमध लांब टेबल असतं आणि जेवण काय, मारियाचींचं, म्हणजे इथल्या पारंपरिक गायक-वादकांच्या ताफ्याचं, गाणं काय, दुसऱ्या नावेतून आपल्या शेजारी येऊन थांबतं. निघायच्या आदल्या रात्री प्रत्येक पाहुणा जवळजवळ तेच प्रश्न विचारतो. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

हे हॉटेल आहे की बोटीची सफर?

दोन्ही एकाच वेळी. या नावेला त्राहिनेरा म्हणतात. वर छप्पर, पुढच्या बाजूला रंगवलेली कमान आणि कमानीवर नाव, बहुतेक वेळा एखाद्या बाईचं. पूर्वी ही कमान खऱ्या फुलांनी सजवत, आता रंगांनी. टेबलाच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या असतात आणि पंधरा-अठरा माणसं आरामात बसतात. इंजिन नाही. मागे उभा असलेला रेमेरो, म्हणजे आपला नावाडी, लांब काठी तळाशी रोवून नाव ढकलतो. त्यामुळे नाव चालत्या माणसापेक्षाही हळू सरकते आणि ताटातलं काही सांडत नाही.

नावेत स्वयंपाकघर मात्र नसतं. छोट्या होडीत शेगडी आणि तवा मांडून बसलेल्या बायका स्वतःच नाव वल्हवत तुमच्याजवळ येतात. एकीकडे मक्याची कणसं, दुसरीकडे केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेली मक्याची भाकरी, तिसरीकडे थंड पेयं. ज्यांना मेन्यूकार्ड आणि एकच बिल हवं असतं त्यांना पहिली दहा मिनिटं गोंधळल्यासारखं होतं. नंतर सवय होते.

एवढ्या मोठ्या शहरात हे कालवे आले कुठून?

प्रश्न उलटा विचारायला हवा, तळ्यात हे शहर आलं कुठून? मेशिका लोकांची, म्हणजे ज्यांना आपण अझ्टेक म्हणतो त्यांची, राजधानी तेनोच्तित्लान तळ्यातल्या बेटावर वसली होती. स्पॅनिश सत्ता आल्यावर शतकानुशतकं पाणी बाहेर काढत तळी आटवली गेली. दक्षिणेच्या या कोपऱ्यात थोडं पाणी राहिलं आणि त्याबरोबर चिनाम्पा राहिले.

चिनाम्पा म्हणजे उथळ तळ्यात रचून केलेलं शेत. पाणवनस्पतींचा थर, त्यावर तळातला गाळ, पुन्हा वनस्पती, पुन्हा गाळ, असं करत जमीन पाण्याच्या वर आणायची. कडेने आवेहोते नावाची सरळसोट वाढणारी विलोच्या जातीची झाडं लावायची. त्यांची मुळं बांधाचं काम करतात आणि फांद्या पसरत नसल्यामुळे पिकावर सावली पडत नाही. अनेक ठिकाणी यांना ‘तरंगती शेतं’ म्हणतात, ते चूक आहे. काश्मीरच्या दल सरोवरातल्या भाजीच्या वाफ्यांसारखी ही तरंगत नाहीत, ती तळाशी टेकलेली असतात. इथला शेतकरी आजही कालव्यातला गाळ काढून वाफ्यावर पसरतो, तो थोडा सुकला की सुरीने चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनात एक बी टाकतो. रोप तयार झालं की गाळाच्या वडीसकट उचलून लावायचं, त्यामुळे मुळांना धक्का लागत नाही. तुमच्या ताटातली कोथिंबीर किंवा लेट्यूस अशा वाफ्यातलं असू शकतं.

सोचिमिल्को हे नाव मेशिका लोकांच्या नाहुआत्ल भाषेतलं आहे. अर्थ, फुलांच्या शेताची जागा. १९८७ साली मेक्सिको सिटीचा जुना गाभा आणि सोचिमिल्को यांची युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत एकत्र नोंद झाली.

जायचं कसं आणि कोणत्या धक्क्यावरून बसायचं?

मेट्रोच्या दोन नंबरच्या लाइनने तास्केन्या या शेवटच्या स्टेशनवर उतरा. तिथून हलकी रेल्वे, त्रेन लिहेरो, थेट सोचिमिल्कोपर्यंत जाते. शहराच्या मध्यातून निघालात तर दीड तास धरा. वयस्कर माणसं बरोबर असतील तर टॅक्सी बरी, पण रविवारी रस्ता तुंबतो.

धक्के बरेच आहेत. नातिवितास सगळ्यात गजबजलेला. गाणाऱ्यांच्या आणि जेवणाच्या नावा तिथे सर्वाधिक, आवाजही सर्वाधिक. कुएमान्को शांत आहे. १९६८ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेला नौकानयनाचा कालवा त्याच्या शेजारीच आहे, आणि बगळे, शेतं, आवेहोतेच्या रांगा पाहायच्या असतील तर तोच धक्का. पहिल्यांदा येणाऱ्या, गाण्यासाठी येणाऱ्या घोळक्याला मी नातिवितासला नेते. आईबाबांना कुएमान्कोला नेलं होतं, तेही मंगळवारी. तो माझा सगळ्यात आवडता फेरा.

स्टेशनबाहेर सायकलवर किंवा पायी येऊन ‘इकडे चला, धक्का इकडे’ म्हणणारे भेटतात. आधी ठरवलेल्या धक्क्यावरच जा.

भाडं माणशी की नावेमागे?

नावेमागे, तासाच्या हिशेबाने. सहाजण बसा नाहीतर पंधराजण बसा, पैसे तेवढेच. धक्क्यावर अधिकृत दराचा फलक असतो. तो वाचा, फोटो काढा आणि चढण्याआधी वेळ व रक्कम दोन्ही मोठ्याने बोलून पक्की करा. दोघंच असाल तर अख्खी नाव महाग पडते. सुट्टीच्या दिवशी काही धक्क्यांवरून माणशी भाडं घेणाऱ्या सामायिक नावा सुटतात, पण त्यात निवांत जेवण होत नाही.

तासाभरात काही होत नाही. धक्क्यावरच्या गर्दीतून नाव बाहेर पडेपर्यंतच बराच वेळ जातो. जेवायचं आणि ऐकायचं असेल तर किमान दोन तास घ्या, जमलं तर तीन.

आम्ही शाकाहारी आहोत. खायला मिळेल का?

मिळेल, आणि चांगलं मिळेल. पण इथे ‘वेहेतारियानो’ म्हटलं की काहींच्या डोळ्यांसमोर फक्त लाल मांस वगळलेलं जेवण येतं. चिकन चालत असेलच, असं गृहीत धरलं जातं. म्हणून एकेक नाव घेऊन सांगा : ‘नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो’. मांस नाही, कोंबडी नाही, मासे नाहीत. अंडं नको असेल तर ‘नी उएवो’ जोडा.

खरी अडचण न दिसणाऱ्या गोष्टींची आहे. घोटलेल्या राजम्यासारख्या बीन्समध्ये आणि तमालेच्या, म्हणजे पानात गुंडाळून उकडलेल्या मक्याच्या पदार्थाच्या, पिठात बहुधा डुकराची चरबी असते. तिला मांतेका म्हणतात. लाल भात बऱ्याचदा कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असतो. मोले या गडद, मसालेदार सॉसचंही तेच. त्यामुळे ‘सिन मांतेका’ (चरबीशिवाय) आणि ‘सिन काल्दो दे पोयो’ (कोंबडीच्या रश्श्याशिवाय) हे दोन शब्दप्रयोग पाठ करूनच घ्या. कणसावर सर्रास मेयोनीज चोपडतात आणि त्यात अंडं असतं. ‘सिन मायोनेसा’ म्हणा, लिंबू-तिखट-मीठ मागा. आपल्या पावसाळ्यातल्या कणसाशी त्याचं फार जवळचं नातं आहे, फक्त इथलं कणीस पांढरं, टपोरं आणि कमी गोड असतं.

आता मनसोक्त काय खायचं ते. तव्यावर भाजलेला त्लाकोयो पहिला. निळ्या मक्याच्या पिठाची लंबगोल, जाडसर भाकरी, आत घोटलेले बीन्स किंवा कडव्या वालांसारख्या मोठ्या शेंगांच्या दाण्यांचं सारण, वर निवडुंगाचे तुकडे, ताजं चीज आणि हिरवी चटणी. होय, निवडुंग. नोपाल म्हणजे फड्या निवडुंगाचं पान. काटे काढून, उकडून किंवा भाजून खातात. थोडं आंबट, थोडं भेंडीसारखं बुळबुळीत. भेंडीचा चिकटपणा ज्यांना चालत नाही त्यांनी भाजलेलं मागावं.

केसादियामध्ये भोपळ्याची फुलं घाला, ‘फ्लोर दे कालाबासा’. कोकणात ज्यांनी भोपळ्याच्या फुलांची भजी खाल्ली आहेत त्यांना ती चव ओळखता येईल. वित्लाकोचे हे काळं सारण म्हणजे मक्याच्या कणसावर वाढणारी बुरशी. अळंबी खाणाऱ्याला ते नक्की आवडतं. एक गंमत लक्षात असू द्या, मेक्सिको सिटीत केसादियामध्ये चीज असतंच असं नाही. हवं असेल तर ‘कॉन केसो’ असं वेगळं सांगावं लागतं.

आणि हे सगळं ज्या भाकरीवर येतं ती मक्याची तोर्तिया. तिच्यात मका, चुना आणि पाणी एवढंच. मका चुन्याच्या पाण्यात उकळून, रात्रभर ठेवून, धुऊन वाटतात. त्याने साल सुटतं, पीठ एकजीव होतं आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. युरोपात मका गेला पण ही पद्धत गेली नाही. तिथल्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा आजार जडला. होडीतली बाई दोन्ही तळव्यांत पीठ थापते तो आवाज ऐका. आपल्या भाकरीचाच आवाज आहे.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांचे हाल होतात, हे आधीच सांगते. चटण्या सगळ्या कांदा-लसणाच्या. लिंबू-मिठाचं कणीस, साधी तोर्तिया, अवोकाडो, आणि तिखट-लिंबू भुरभुरलेला आंबा, अननस, काकडी एवढ्यावर भागवावं लागेल.

खूप तिखट असतं का?

जेवण तिखट नसतं, चटणी तिखट असते, आणि ती वेगळी ठेवलेली असते. हिरवी चटणी तोमातिल्यो या आंबटसर फळाची. लाल कधी भाजलेल्या टोमॅटोची, कधी वाळलेल्या मिरच्यांची. रंगावरून अंदाज बांधू नका, अनेकदा हिरवीच जास्त झोंबते. ‘मराठी माणसाला कसलं तिखट’ असं म्हणून चमचाभर ओतणाऱ्यांनी हाबानेरो मिरचीची नारिंगी-पिवळी चटणी आधी बोटाच्या टोकावर घ्यावी. मिरची याच भूमीतली आहे आणि पोर्तुगीज जहाजांनी ती गोव्याकडे आली. त्याआधी आपल्या स्वयंपाकातला तिखटपणा मिऱ्याचा होता.

घरून डबा नेला तर चालेल का?

चालतो. मेक्सिकन कुटुंबं स्वतः मोठमोठी पातेली घेऊन येतात, टेबलावर मेणकापड पसरतात आणि आजीच्या हातचं जेवण वाढतात. वाढदिवस असेल तर केकही घरून. लहान मुलांसाठी पुऱ्या किंवा पराठे न्या, मी नेहमी नेते. पण पूर्ण जेवण घरून नेऊ नका. कालव्यात होडी घेऊन येणाऱ्या बाईचं त्या दिवसाचं पोट तुमच्यासारख्या नावांवर असतं, आणि तिच्या तव्यावरचा गरम त्लाकोयो डब्यातल्या कोणत्याही पदार्थापेक्षा सरस असतो. एकाच होडीतून सगळं घेण्यापेक्षा तीन-चार जणींकडून थोडं थोडं घ्या. त्यांना ‘सेन्योरा’ म्हणून हाक मारायची.

गाणारे कोण असतात? त्यांना बोलवायचं कसं?

बोलवावं लागत नाही, ते येतात. त्यांची नाव तुमच्या नावेला खेटून उभी राहते, कोणी दोरीने बांधतो, आणि प्रमुख गायक विचारतो, गाणं हवं का? नको असेल तर हसून ‘नो, ग्रासियास’ म्हणा, ते पुढे जातात. त्यात कोणाचा अपमान नाही.

हवं असेल तर पहिला प्रश्न किमतीचा. ‘कुआन्तो ला कान्सिओन?’ म्हणजे एका गाण्याचे किती? दर गाण्यामागे असतो आणि ताफ्यातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे बदलतो. चार-पाच गाणी एकदम ठरवली तर सूट मिळते. तासावरही ठरवता येतं, पण मला गाण्यागणिकच बरं वाटतं. आकडा ऐकून काही पाहुण्यांच्या कपाळावर आठ्या येतात. ती रक्कम आठ-दहा वादकांत वाटली जाते, त्यातून नावेचं भाडं जातं आणि तो कशिदा-बटणांचा काळा पोशाख स्वतःच्या पैशाने शिवलेला असतो. घासाघीस करायचीच तर गाण्यांच्या संख्येवर करा, एका गाण्याच्या किमतीवर नको.

एकदा ठरलं की गप्पा थांबवा. ही माझी पाहुण्यांना एकच अट असते. घरच्या मैफिलीत गवई समोर बसला असताना आपण जसे वागू, तसंच. त्यांना ‘माएस्त्रो’ म्हणतात. आपण बुवा किंवा उस्ताद म्हणतो त्याच भावनेने.

कालव्यात सगळेच मारियाची नसतात. ओळखायचं असं. व्हायोलिन, ट्रम्पेट, गिटार, फुगीर पाठीची पाच तारांची छोटी विउएला आणि पोटावर पेललेलं अवाढव्य गितार्रोन असेल तर मारियाची. अ‍ॅकॉर्डियन आणि बारा तारांचं बाहो सेक्स्तो दिसलं तर उत्तरेकडचं नोर्तेन्यो. लाकडी पट्ट्यांच्या लांब वाद्यावर दोघं-तिघं एकदम काठ्या चालवत असतील तर मारिम्बा, दक्षिणेच्या चियापासची खूण. मारिम्बावाले बहुधा स्वस्त असतात, आणि दुपारच्या पाण्यावर ते लाकडी, गोल सूर मला फार आवडतात. जेवत असताना मारिम्बा, जेवण झाल्यावर मारियाची, असा माझा क्रम ठरलेला आहे.

मारियाचीत ढोल, तबला, काहीच नसतं. ठेका गितार्रोन धरतं. वादक एका वेळी दोन तारा ओढतो, एकच सूर खालच्या आणि वरच्या सप्तकात, म्हणून तो इतका भरदार लागतो. ‘सोन’ प्रकारातलं गाणं असेल तर पायाने ताल धरून पाहा, चुकाल. सहा मात्रा कधी तीन-तीन अशा दोन गटांत पडतात, कधी दोन-दोन अशा तीन गटांत, आणि बाजू बदलते ती तुम्हाला न सांगता. ज्यांना लयकारीची आवड आहे त्यांनी फक्त विउएला वाजवणाऱ्याच्या उजव्या हाताकडे पाहावं.

ट्रम्पेट मात्र या ताफ्यात उशिरा आलं. जुन्या गावाकडच्या ताफ्यात तंतुवाद्यंच होती, कुठे हार्प. विसाव्या शतकात रेडिओच्या दिवसांत ट्रम्पेट रुळलं. २०११ साली मारियाचीची युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली.

फर्माईश कोणत्या गाण्याची करावी?

‘सिएलितो लिंदो’ सगळे सांगतात, आणि इथे ते सांगण्याला खरं कारण आहे. ते रचणारे किरिनो मेंदोसा ई कोर्तेस याच सोचिमिल्को भागातल्या सांतियागो तुल्येवाल्को गावचे. फुटबॉलच्या मैदानात हजारोंनी गायलेलं ते गाणं त्याच्या स्वतःच्या गावच्या पाण्यावर ऐकायला मिळतं. वाढदिवस असेल तर ‘लास मान्यानितास’ सांगा. मुलाचं नाव आधी कळवा, गायक ते गाण्यात घेतो. कोणी आई-वडील किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर बोलेरो, म्हणजे संथ प्रेमगीत, मागा. शब्द कळले नाहीत तरी मजा कमी होत नाही.

त्याहून चांगली फर्माईश म्हणजे, ‘माएस्त्रो, तुमच्या आवडीचं गा.’ स्पॅनिशमध्ये ‘ला के उस्तेद प्रेफिएरा’. मी हे पहिल्यांदा म्हटलं तेव्हा पिकल्या मिशांच्या गायकाने क्षणभर मागे वळून सोबत्यांशी काही बोलून घेतलं आणि मग जे गायलं, ते ऐकताना शेजारच्या नावेतली पार्टीही शांत झाली.

हिंदी गाणं वाजवा असा आग्रह धरू नका. ते प्रयत्न करतीलही, पण मग तुम्ही इथे कशासाठी आलात?

मारियाची हा शब्द फ्रेंचांच्या ‘मारियाज’ वरून, म्हणजे लग्नावरून आला ना?

गाइड असं सांगतात, पण ते टिकत नाही. फ्रेंच सैन्य मेक्सिकोत उतरलं १८६२ च्या सुमारास. त्याच्या दहा वर्षं आधी, १८५२ साली, रोसामोरादा गावच्या एका पाद्र्याने आपल्या बिशपला पत्र लिहून तक्रार केली होती की इथे ‘मारियाची’ नावाचे जलसे होतात, त्यात दारू आणि भांडणं चालतात. शब्द फ्रेंचांच्या आधीचा आहे.

पाणी स्वच्छ असतं का? वास येतो का?

काही वळणांवर येतो. इथले झरे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहराच्या नळांकडे वळवले गेले आणि आज कालव्यांत मुख्यतः शुद्धीकरण केंद्रातून आलेलं सांडपाणी असतं. शहराने या गावाचं गोड पाणी नेलं आणि वापरून परत पाठवलं. सोचिमिल्कोबद्दल बोलताना हे वगळणं मला बरोबर वाटत नाही. पाण्यात हात घालू नका, मुलांना घालू देऊ नका, जेवण्याआधी हात पुसायला काहीतरी जवळ ठेवा. खाद्यपदार्थ गरम तव्यावरून थेट घ्या. पिण्याचं पाणी सीलबंद बाटलीतलंच.

याच पाण्यात आहोलोते (इंग्रजीत अ‍ॅक्सोलॉटल) राहतो. सॅलॅमँडरच्या जातीचा हा प्राणी आयुष्यभर कल्ले घेऊन पाण्यातच राहतो आणि तुटलेला पाय पुन्हा उगवतो. जगभरच्या प्रयोगशाळांत तो वाढवला जातो, पण त्याचं नैसर्गिक घर एवढंच उरलं आहे. १९९८ च्या गणनेत एका चौरस किलोमीटरमध्ये सुमारे ६,००० आहोलोते मोजले होते. २०१४ मध्ये ३६. २०२१ साली आलेल्या ५० पेसोच्या नोटेवर तो आहे, मागे चिनाम्पा आहेत. होडीवाल्या सेन्योराला पैसे देताना ती नोट हातात आली तर एकदा नीट पाहा. काही चिनाम्पांवर शेतकरी आणि मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठातले संशोधक मिळून त्याच्यासाठी गाळलेल्या पाण्याचे सुरक्षित कालवे राखतात. कुएमान्कोकडून अशा शेतांवर जाता येतं. आहोलोते दाखवून पैसे मागणारे काठावर भेटले तर मात्र हात लावू नका.

आजी-आजोबा आणि लहान मुलांना जमेल का?

बसल्यावर उत्तम जमतं. चढताना सांभाळावं लागतं. धक्क्यावर नावा एकमेकींना लागून उभ्या असतात आणि कधी कधी दोन-तीन नावा ओलांडून आपल्या नावेत जावं लागतं. गुडघ्यांचा त्रास असेल तर काठालाच लागलेली नाव मागा, देतात. स्वच्छतागृहं धक्क्यावर आणि वाटेत काही काठांवर आहेत. सुटे पैसे लागतात. मुलांसाठी लाइफ जॅकेट आहे का ते निघण्याआधी विचारा.

चालत्या नावेतून दुसऱ्या नावेत पाय टाकायचा नाही, मोठ्यांनीही नाही. २०१९ साली असं करताना एक तरुण पडून बुडाला, तेव्हापासून नियम कडक झाले.

बिअर, पुल्के वगैरे?

मिळतं, मर्यादेत. हे शहर समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंचीवर आहे. महाबळेश्वरच्या दीडपटीहून जास्त. नव्याने आलेल्याला इथे एक ग्लासही चढतो. पुल्के हे मागेय या घायपातासारख्या झाडाच्या रसाचं आंबवलेलं, दुधट पेय. त्याची चव निरेची ताडी झालेली असते तिच्या जवळपास जाते. न पिणाऱ्यांसाठी आग्वा दे हमायका आहे, म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत. चिंचेचंही मिळतं.

कोणत्या महिन्यात यावं?

जून ते सप्टेंबर दुपारनंतर पाऊस ठरलेला, तेव्हा सकाळी लवकर निघा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी स्वेटर लागतो. शनिवार-रविवारी दुपारी नावेला नाव घासते. आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी अकराला निघालात तर शांतता मिळते, पण गाणारे कमी असतात.

माझं मत विचाराल तर ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा. तेव्हा इथल्या शेतांत झेंडू फुललेला असतो. सेम्पासुचिल म्हणतात त्याला, नाहुआत्लमधला मूळ अर्थ वीस फुलं किंवा वीस पाकळ्या. १ आणि २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणाचे दिवस, त्यासाठी नावा भरभरून फुलं जातात. घरोघरी पाकळ्यांची वाट काढतात, पूर्वजांना घर सापडावं म्हणून. दसऱ्याला आपण दाराला बांधतो तो झेंडू याच मुलखातून आला. निशिगंधही इथलाच, देवचाफाही. माझ्या आईने पहिल्यांदा ती नारिंगी शेतं पाहिली तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर एवढंच म्हणाली, ‘दोन फुलं मिळतील का गं?’ रेमेरोने काठी रोवून नाव थांबवली आणि शेतातल्या माणसाने ओंजळभर दिली. पैसे घेतले नाहीत.

बाहुल्यांचं बेट पाहायला जावं का?

जेवणाच्या फेरीत नको. झाडांवर जुन्या बाहुल्या टांगलेलं हे मूळ बेट लांब आहे, जाऊन-येऊन चार तास सहज जातात, आणि वाटेत त्याच्या नकला दाखवून परत आणलं जातं.

पाण्याची भीती वाटते. जमिनीवर असं कुठे मिळेल?

मेक्सिको सिटीतच प्लासा गारिबाल्दी. चौकात संध्याकाळी मारियाचींचे ताफे उभे असतात. तिथलं १९२५ पासूनचं तेनाम्पा हे जुनं ठिकाण, भिंती चित्रांनी भरलेल्या. रात्री उशिरा परतताना टॅक्सी अ‍ॅपवरूनच बोलवा. ग्वादालाहाराला जाणार असाल तर जवळच्या त्लाकेपाकेमधलं एल पारियान पाहा. मोठ्या चौकोनी वाड्यासारखी जागा, मध्ये अंगण आणि संगीताचा चौथरा, चारी बाजूंना खानावळी. मारियाचीचं माहेर त्याच हालिस्को राज्यात आहे. आणि समुद्राची हवा हवी असेल तर वेराक्रूसच्या कमानींखाली बसून कॉफी आणि मारिम्बा.

टिप किती द्यायची?

जमिनीवरच्या हॉटेलात दहा ते पंधरा टक्के. नावेत रेमेरोला वेगळी द्या, हातात, उतरताना. भाड्यातलं त्याच्या वाट्याला थोडंच येतं.

येताना काय आणता येईल?

कुंड्यांचा मोह आवरा. इथल्या रोपवाटिका सुंदर आहेत, पण परवान्याशिवाय रोपं विमानातून नेता येत नाहीत. अलेग्रिया घ्या. फुलवलेला राजगिरा आणि मध किंवा पिलोन्सियो, म्हणजे उसाचा गूळ, यांची वडी. वर शेंगदाणे, मनुका, भोपळ्याच्या बिया. नावाचा अर्थ आनंद. मेशिका लोक याच पिठाच्या देवाच्या मूर्ती करून प्रसाद म्हणून खात, म्हणून स्पॅनिश धर्मगुरूंनी त्यावर राग धरला. राजगिऱ्याचं मोठं गाव म्हणजे पुन्हा तुल्येवाल्को, त्या गाण्याचंच गाव.

आपल्या उपवासाच्या ताटातला राजगिरा, शेंगदाणा, बटाटा, रताळं, साबुदाण्याचा कंद, सगळं अमेरिका खंडातून आलेलं आहे. एकादशीला इथे आलेल्या माझ्या मावशीने धक्क्यावर अलेग्रियाची वडी मोडून तोंडात टाकली आणि विचारलं, ‘हा राजगिऱ्याचा लाडू इथे कोणी शिकवला यांना?’ विकणाऱ्या बाईला मी ते भाषांतर करून सांगितलं. तिने आणखी एक वडी कागदात बांधून मावशीच्या हातात ठेवली. वडी घट्ट डब्यात ठेवलीत तर प्रवासात चुरत नाही, आणि पंधरा दिवस सहज टिकते.